टेबलावरची दहा नाणी : ओसिओला मॅकार्टी यांच्या दानाचा प्रकरण अभ्यास

जुलै 1995 मध्ये अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील हॅटिसबर्ग शहरात असलेल्या सदर्न मिसिसिपी विद्यापीठाने दीड लाख डॉलरची एक देणगी जाहीर केली. विद्यापीठांना मिळणाऱ्या देणग्यांच्या मानाने रक्कम काही डोळे दिपवणारी नव्हती. लोक थक्क झाले ते देणगीदाराचे नाव आणि व्यवसाय कळल्यावर. ओसिओला मॅकार्टी या 87 वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईंनी आयुष्यभर गावातल्या लोकांचे कपडे धुण्याचे आणि इस्त्री करण्याचे काम केले होते. त्यांची शाळा सहावीत सुटली होती, त्यांनी लग्न केले नव्हते आणि मोटार चालवायला त्या कधी शिकल्याच नव्हत्या. साठवलेल्या पैशांतला मोठा हिस्सा त्या ज्यांना देत होत्या, ती मुले त्यांच्या नात्यातली तर नव्हतीच, पण त्यांतल्या एकाचेही तोंड त्यांनी पाहिलेले नव्हते.

ही हकिकत त्यानंतर पुष्कळदा सांगितली गेली आणि बहुतेक वेळा ती काटकसरीच्या महिम्याची गोष्ट म्हणून सांगितली गेली. मला ती अपुरी वाटते. ध्येय कसे ठरवावे याविषयी जे आज सर्रास सांगितले जाते, म्हणजे आधी ध्येय निश्चित करावे, ते कागदावर लिहावे, त्याला मुदत घालावी आणि मग त्या दिशेने चालू लागावे, त्याच्या नेमका उलटा क्रम या प्रकरणात दिसतो. येथे सवय साठ-सत्तर वर्षे आधी आली, रक्कम तिच्यामागून आली आणि ध्येय सर्वांत शेवटी, एका बँकेतल्या टेबलावर, काही मिनिटांत ठरले. त्या काही मिनिटांत नेमके काय घडले आणि ते घडण्यासाठी आधीची सगळी वर्षे कोणत्या अर्थाने उपयोगी पडली, हा या लेखाचा विषय आहे.

सहावीत सुटलेली शाळा

मॅकार्टीबाईंचा जन्म 7 मार्च 1908 रोजी मिसिसिपीच्या वेन परगण्यात झाला. लहानपणीच त्या हॅटिसबर्गला आल्या आणि आजी, आई व मावशी अशा तीन बायकांच्या घरात वाढल्या. घरात पुरुष नव्हता. कपडे धुणे हाच या घराचा व्यवसाय होता आणि शाळेतून आल्यावर मुलीनेही इस्त्रीला उभे राहावे, हे त्या घरात वेगळे सांगावे लागत नसे. त्या वेळी मिळणारी चिल्लर ती मुलगी आपल्या बाहुलीच्या गाडीत लपवून ठेवत असे, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. बचतीचा उगम शोधायचाच झाला तर तो इथे आहे, आणि त्यामागे कोणताही संकल्प नव्हता. मुले गोट्या किंवा चिंचोके साठवतात तशीच ती साठवण होती.

सहावीत असताना मावशी आजारी पडली. रुग्णालयातून ती घरी आली तेव्हा तिला चालता येत नव्हते आणि तिला स्वतःचे मूल नव्हते. आजी आणि आई कामाला जुंपलेल्या असल्यामुळे शुश्रूषेसाठी शाळा सोडायची पाळी ओसिओलावर आली. मावशी पुढे सावरली, पण तोपर्यंत वर्गातल्या मैत्रिणी पुढे निघून गेल्या होत्या, आणि आपल्यापेक्षा लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसणे त्या मुलीला जमले नाही. परिचारिका व्हावे असे तिच्या मनात होते. ते मनातच राहिले.

हा तपशील चरित्राच्या सुरुवातीला येतो आणि वाचणारा तो सहानुभूतीने ओलांडून पुढे जातो. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. ज्या माणसाचे ध्येय परिस्थितीने हिरावून घेतले, त्याच्यापुढे साधारणपणे तीन वाटा असतात: त्या ध्येयाचा हट्ट धरणे, त्याच्यावरून मनात कडवटपणा धरून बसणे किंवा ते विसरून जाणे. मॅकार्टीबाईंनी वरवर पाहता तिसरी वाट धरली. त्या सुटलेल्या शाळेविषयी त्या फारसे बोलत नसत. पण शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या वयात पैसे कोणाला द्यायचे हा प्रश्न उभा राहिला तेव्हा उत्तर शाळेच्याच दिशेने गेले, आणि त्यासाठी त्यांना फार विचारही करावा लागला नाही. विसरलेले ध्येय कुठे जाते याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

धुणे आणि हिशेब

त्यांच्या कामाचे स्वरूप नीट समजून घेतल्याशिवाय पैशांचा हिशेब समजत नाही. परसात लोखंडी हंड्याखाली जाळ करून पाणी उकळायचे, कपडे त्यात शिजवायचे, खाचांच्या फळीवर घासायचे, खळबळून पिळायचे, खळ द्यायची, दोरीवर वाळत घालायचे आणि मग रात्री उशिरापर्यंत इस्त्री फिरवत बसायचे. 1960 च्या दशकात त्यांनी धुण्याचे आणि वाळवण्याचे यंत्र घेऊन पाहिले, पण यंत्रातून निघालेले कपडे त्यांच्या मते पुरेसे स्वच्छ नव्हते, म्हणून ते बाजूला सारून त्या पुन्हा हंड्याकडे आणि फळीकडे वळल्या. दोरीवर ओळीने झळकणारे पांढरे कपडे पाहण्यात त्यांना आनंद वाटे, ही गोष्ट त्यांनी अनेकांना सांगितली आहे. कामाला त्या तपश्चर्या मानत नव्हत्या आणि ओझेही मानत नव्हत्या. ते त्यांच्या हातचे कसब होते आणि त्यात कमीपणा येऊ देण्याची त्यांची तयारी नव्हती.

मिळकत किती? चार माणसांच्या कुटुंबाच्या आठवड्याच्या गठ्ठ्याला सुरुवातीच्या काळात दीड ते दोन डॉलर मिळत. दुसऱ्या महायुद्धानंतर हा दर वाढत वाढत दहा डॉलरपर्यंत गेला. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण काटकसरीची प्रवचने करणारे नेमका तोच गाळतात. दीड डॉलरच्या गठ्ठ्यातून पोट भरून फारसे काही उरत नाही. मोठी शिल्लक पडू लागली ती मजुरीचा दर वाढल्यावर. दुसरे कारण चक्रवाढ व्याजाचे. पैसे जमले की ते बँकेत नेऊन टाकायचे, हे त्यांनी लहान वयातच सुरू केले होते. साध्या खात्यापेक्षा बचत खात्यात व्याज मिळेल, असे खिडकीवरच्या कारकुनाने सांगितल्यावर त्यांनी त्याचे ऐकले आणि पुढे बँकेच्या सल्ल्याने मुदत ठेवींत व इतर गुंतवणुकींतही पैसे ठेवले. ठेवलेले पैसे मात्र त्यांनी काढले नाहीत.

न काढण्याने काय होते याचा एक ठोकताळा मांडून पाहता येईल. ही आकडेमोड माझी आहे, त्यांच्या खात्याची नव्हे. दरमहा केवळ 10 डॉलर 5 टक्के व्याजाने 50 वर्षे ठेवले, तर भरलेली मुद्दल 6,000 डॉलर होते आणि हाती येणारी रक्कम सुमारे 26,700 डॉलर. म्हणजे साडेचार पटीच्या जवळ. या वाढीत कोणाची हुशारी नाही. त्यात फक्त काळ आहे आणि त्या काळात हात न लावण्याचा संयम आहे. मॅकार्टीबाईंची शिल्लक शेवटी अडीच लाख डॉलरच्या घरात पोचली, ती अशाच रीतीने.

खर्चाची बाजू तर जवळजवळ कोरीच होती. 1947 मध्ये मामांकडून मिळालेले लहानसे घर होते, त्यामुळे भाडे नव्हते. किराणा आणायला त्या दुकानातली ढकलगाडी ढकलत पायी जात. वर्तमानपत्र घेत नसत. बूट बोटांना लागू लागला तर पुढचा भाग कापून टाकून तोच वापरत. त्यांच्या बायबलची पाने इतकी सुटली होती की ती चिकटपट्टीने धरून ठेवावी लागत. मिसिसिपीच्या उन्हाळ्यात घर भट्टीसारखे तापते, तरी वातानुकूलन यंत्र त्या केवळ पाहुणे आले तरच सुरू करत. 1960 च्या दशकात आई आणि मावशी दोघीही गेल्या. आजी त्याआधीच गेली होती. त्यानंतर त्या एकट्याच होत्या.

येथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. या सगळ्या वर्षांत त्या कशासाठी साठवत होत्या? म्हातारपणाची तरतूद हे उत्तर ओघाने येते आणि काही अंशी ते खरेही असावे. परंतु आपल्याजवळ नेमके किती आहे हे त्यांना फारसे ठाऊक नव्हते आणि ते जाणून घेण्याची उत्सुकताही दिसत नाही. कंजूष माणूस पैसे मोजत राहतो. त्या मोजत नव्हत्या. ध्येय नसलेली ही बचत होती, आणि तिला ‘ध्येयनिष्ठ’ म्हणून गौरवणे हा मागाहून केलेला रंग आहे.

दहा नाणी

डिसेंबर 1994 मध्ये संधिवाताने हात इतके आखडले की काम बंद करणे भाग पडले. मुलगी असताना हातात घेतलेली इस्त्री त्या वेळी खाली ठेवली गेली. आता बाईंची काळजी बँकेतल्या लोकांनाच वाटू लागली. एकटी, वयस्क बाई, खात्यावर मोठी रक्कम आणि मृत्युपत्र नाही. उद्या अंथरूण धरले तर देखभाल कोण करणार आणि पश्चात हा पैसा कोणाच्या हाती जाणार, हे प्रश्न त्यांच्यासमोर मांडणे आवश्यक होते.

ट्रस्टमार्क बँकेतले न्यासविषयक अधिकारी पॉल लॉफ्लिन यांनी हे ज्या पद्धतीने केले, ती मला या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते. टक्केवारी, न्यास, लाभार्थी, वारसा हे शब्द त्यांनी बाजूला ठेवले. दहा सेंटची दहा नाणी, ज्यांना तिकडे डाइम म्हणतात, त्यांनी टेबलावर मांडली आणि सांगितले की हे एकेक नाणे म्हणजे तुमच्या सगळ्या पैशांचा दहावा हिस्सा; आता कोणते नाणे कोणाला, ते तुम्ही सांगा.

मॅकार्टीबाईंनी एक नाणे आपल्या चर्चसाठी बाजूला काढले. तीन नाणी तीन नातलगांना, प्रत्येकी एक. उरलेली सहा त्यांनी विद्यापीठाच्या नावे ठेवली.

हा वाटा बारकाईने पाहण्याजोगा आहे. पहिले नाणे धर्माचे, आणि तेही बरोबर दशांश. कमाईचा दहावा भाग देवाच्या कामाला द्यावा ही ख्रिस्ती मंडळीतली जुनी रीत आहे. नाणी दहा होती म्हणून ती रीत त्या टेबलावर आपोआप उभी राहिली. पुढची तीन नाणी रक्ताच्या नात्याची. नातलगांना वगळून परक्यांना देण्याचा जो नाट्यमय आविर्भाव पुष्कळ दानशूरांच्या चरित्रांत दिसतो, तो येथे नाही. धर्म झाला, नाते झाले, आणि मग जे सहा भाग शिल्लक राहिले ते कोणत्याच कर्तव्याने बांधलेले नव्हते. माणसाचे स्वतःचे असे ध्येय त्या सहा नाण्यांतच दिसते, कारण पहिली चार कोणाही सज्जन माणसाने तशीच ठेवली असती.

त्याच टेबलावर एखाद्याने त्यांना ‘तुमच्या जीवनाचे ध्येय काय?’ असे विचारले असते, तर बहुधा काहीच उत्तर मिळाले नसते. असल्या प्रश्नापुढे सुशिक्षित माणसेही अडखळतात किंवा कुठेतरी वाचलेले बोलून दाखवतात. नाण्यांनी प्रश्नाला आकार दिला. पैसा मर्यादित आहे, भाग दहाच आहेत, एकाला दिलेले नाणे दुसऱ्याला देता येणार नाही, आणि समोर बसलेला माणूस उत्तराची वाट पाहत आहे, अशा स्थितीत माणूस आपल्याला काय महत्त्वाचे वाटते ते बोलत नाही, करून दाखवतो. व्यक्तिगत ध्येयांविषयी आपण जे काही लिहून काढतो त्यातले बरेचसे हवेत राहते, याचे कारण त्या लिखाणात वाटणी नसते. सगळेच थोडे थोडे हवे असते आणि कशाच्याही बदल्यात काही सोडायचे नसते.

त्यानंतरची पायरी कायद्याची होती, आणि तीही कमी महत्त्वाची नाही. ज्यांच्या घरचे कपडे त्यांनी वर्षानुवर्षे धुतले होते अशा एका वकिलाने कागदपत्रांच्या कामात मदत केली. पैसा न्यासात ठेवला गेला. बाईंच्या हयातीत त्यांच्या गरजा आणि आजारपण त्यातून भागणार होते आणि विद्यापीठाचा हिस्सा त्यांच्या पश्चात पोचणार होता. दान देणाऱ्याने स्वतःला उघड्यावर टाकू नये, ही काळजी त्या व्यवस्थेत घेतलेली होती. आपल्याकडे आयुष्याची पुंजी देऊन टाकून मग उतारवयात दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या माणसांचे फार कौतुक होते. मला ते कौतुक धोक्याचे वाटते. मॅकार्टीबाईंचे दान विवेकी होते आणि तो विवेक त्यांच्याइतकाच त्या बँकेतल्या माणसांचाही होता. हा पैसा त्यांनी एखाद्या पिशवीत घालून कोणाच्या हाती दिला असता, तर कदाचित कोणालाच त्याचा उपयोग झाला नसता.

पात्र कोणते

सहा नाणी याच विद्यापीठाला का? ते जवळ होते आणि गावातली मुले तिथे शिकत होती, एवढे साधे कारण त्या देत. आपल्या मुलांना मी जे करत आले तसले कष्ट करावे लागू नयेत, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे नोंदलेले आहे. गरज असलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना या शिष्यवृत्तीत प्राधान्य असावे, अशी योजना झाली.

पण या जवळच्या विद्यापीठाचा इतिहास पाहिला की ‘जवळ’ या शब्दाला वेगळाच अर्थ येतो. 1910 मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी स्थापन झालेली ही संस्था पहिली पंचावन्न वर्षे केवळ गोऱ्यांसाठी होती. हॅटिसबर्गजवळ राहणारा क्लाइड केनार्ड हा माजी सैनिक कोरियाच्या युद्धातून परतला होता, शिकागो विद्यापीठात शिकत होता, आणि घरची कोंबड्यांची शेती सांभाळण्यासाठी त्याला गावी यावे लागले होते. उरलेले शिक्षण गावातच पुरे करावे म्हणून 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने येथे प्रवेश मिळवण्याचे पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. प्रत्येक वेळी नकार मिळाला. पुढे 1960 मध्ये 25 डॉलर किमतीच्या कोंबड्यांच्या खाद्याची चोरी करवल्याचा आरोप त्याच्यावर ठेवून त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात कर्करोगाने गाठले आणि 1963 मध्ये सुटका झाल्यावर काही महिन्यांतच तो मरण पावला. त्याची शिक्षा न्यायालयाने रद्द केली, पण ते 2006 साली. पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना विद्यापीठाने प्रवेश दिला तो 1965 मध्ये. त्या वर्षी मॅकार्टीबाई 57 वर्षांच्या होत्या. म्हणजे सहावीत त्यांची शाळा सुटली नसती, त्यांनी शाळा अगदी पहिल्या क्रमांकाने पुरी केली असती, तरी या महाविद्यालयाचे दार त्यांच्यासाठी उघडले नसते.

आपल्या परंपरेत दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहावे असे सांगितलेले आहे, आणि त्याला आणखी एक अट जोडलेली आहे की ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही त्याला द्यावे. ही शेवटची अट सहसा विसरली जाते, कारण आपली बहुतेक दाने परतफेडीच्या पोटातून निघतात: ज्या शाळेत शिकलो तिला, ज्या देवाला नवस केला त्याला, ज्या रुग्णालयात बरे झालो त्याला. मॅकार्टीबाईंवर या संस्थेचा कोणताही उपकार नव्हता. उलट हिशेब मांडायचाच तर तो संस्थेच्या खात्यावर नावे पडला असता. त्यांनी तो मांडला नाही. याला क्षमा म्हणावे का, याची मला खात्री नाही; त्यांच्या बोलण्यात क्षमेची भाषा आढळत नाही. आता तिथे आपली मुले जातात, तेव्हा त्यांची फी भरली गेली पाहिजे, इतक्या सरळ व्यवहारी पातळीवर त्या हा प्रश्न पाहत असाव्यात. पात्र म्हणजे त्यांच्या लेखी संस्था नव्हतीच. संस्था ही केवळ घागर होती.

घेण्याजोगे आक्षेप

या प्रकरणावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही उडवून लावण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप असा की गरीब बाईने पोटाला चिमटा घेऊन शिष्यवृत्ती द्यावी लागणे ही मुळात समाजाची नामुष्की आहे, आणि तिचा गौरव करताना आपण तीच झाकत असतो. हे बरोबर आहे. सहावीतल्या मुलीला आजारी माणसासाठी शाळा सोडावी लागू नये, कपडे धुणाऱ्याला गठ्ठ्यामागे दीड डॉलर मिळू नये आणि शिक्षण कोणाच्या दानावर अवलंबून असू नये. मॅकार्टीबाईंची कहाणी ऐकवून कमी पगाराच्या माणसांना बचतीचे धडे देणे हा तर निव्वळ उर्मटपणा आहे. मात्र आक्षेप समाजाला लागू पडतो, बाईंच्या निर्णयाला नव्हे. व्यवस्था बदलेपर्यंत थांबायला त्यांच्याजवळ वर्षे नव्हती आणि पैसे मात्र होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: हे आयुष्य जगायचे राहून गेले नाही का? स्वतःसाठी काही खर्च का केला नाही, असे त्यांना कित्येकांनी विचारले. मी तो स्वतःवरच खर्च करते आहे, असे त्या उत्तर देत. या उत्तराने आक्षेप पुरता मिटतो असे मला वाटत नाही. उन्हाळ्यात घामाने भिजत बसलेल्या म्हाताऱ्या बाईचे चित्र डोळ्यांसमोर आले की वाचणारा अस्वस्थ होतो आणि व्हावेच. पण ही अस्वस्थता आपल्या सवयींतून येते हेही मान्य केले पाहिजे. आपण ज्याला उणीव म्हणतो ती त्यांना उणीव वाटत होती, याचा कुठेही पुरावा नाही. त्यांना काम आवडत होते, चर्च आवडत होते, आणि एकदा नायगारा धबधबा पाहिल्याची आठवण त्या रंगवून सांगत. त्यागासाठी आधी हाव असावी लागते. ती नसेल तर त्याग हा शब्दच गैरलागू ठरतो, आणि देणाऱ्याची उंची मोजण्याची आपली नेहमीची पट्टी हातातून निसटते.

देणगीनंतर

देणगी जाहीर झाली तेव्हा ती खऱ्या अर्थाने विद्यापीठाच्या हाती पडलेली नव्हती. पैसे बाईंच्या पश्चात यायचे होते. पण हॅटिसबर्गमधल्या लोकांना तेवढे थांबवेना. गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि इतर देणगीदारांनी बाईंच्या रकमेइतकी रक्कम उभी करण्याचे मनावर घेतले आणि त्यामुळे 1995 च्या शरद सत्रातच पहिली शिष्यवृत्ती देता आली. ती हॅटिसबर्गच्याच एका मुलीला मिळाली. तिचे कुटुंब बाईंच्या घरी येऊ-जाऊ लागले आणि नातवंडे नसलेल्या बाईंना एक नात मिळाली, असे म्हणायला हरकत नाही. दानाचे फळ डोळ्यांनी पाहण्याची ही सोय इतरांच्या दानामुळे झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एकाच्या निर्णयाने दुसऱ्यांच्या खिशात हात जातो, पण तो आपोआप जात नाही; रक्कम, उद्देश आणि कागद पक्के असल्यामुळेच गावाला त्यात भर घालणे सोपे गेले.

त्यानंतरची चार वर्षे मानसन्मानांची होती. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना नागरिक पदक दिले. 1996 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री न्यू यॉर्कच्या टाइम्स चौकात नववर्षाच्या स्वागताचा प्रकाशगोळा खाली सोडण्याची कळ त्यांच्या हस्ते दाबली गेली. ज्या विद्यापीठाला त्यांनी देणगी दिली त्याने 1998 मध्ये त्यांना मानद पदवी दिली, आणि मानद पदवी देण्याची त्या विद्यापीठाची ती पहिलीच वेळ होती. पुढे विद्यार्थिनींच्या एका वसतिगृहालाही त्यांचे नाव मिळाले. 26 सप्टेंबर 1999 रोजी, वयाच्या 91 व्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने त्यांचे हॅटिसबर्गमध्येच निधन झाले.

देणगी जाहीर झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, हे सगळे सन्मान यायच्या आधी, बदल्यात तुम्हाला काय हवे असे त्यांना विचारण्यात आले होते. पुतळा किंवा इमारतीला नाव असले काही त्यांच्या तोंडून निघाले नाही. आपल्या पैशांवर शिकलेल्या एखाद्या मुलाला पदवी मिळेल त्या दिवशी आपल्याला तिथे हजर राहता यावे, एवढीच इच्छा त्यांनी बोलून दाखवली.